घराला कुलूप, नळाला कोण?



डिसेंबर उजाडला की आपल्या वस्त्यांतल्या दारांना कुलपे दिसू लागतात. इतरांचे गावी जाणे दिवाळीत आणि मे महिन्यात होते. आपलेही तेव्हा होतेच. पण आपली खरी ये-जा थंडीतली. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी छत्रपती संभाजीनगर. मधल्या दिवसांत कुठे मंगल परिणय, कुठे पुण्यानुमोदन, कुठे गावच्या विहाराचा कार्यक्रम. शहाड स्टेशनवर पहाटेच्या गाडीला पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबे उभी असतात, हातात भाकरीची फडकी आणि पाण्याच्या बाटल्या. त्यांतल्या प्रत्येकाने निघताना कुलूप दोनदा तरी ओढून पाहिलेले असते.

चोराची काळजी आपण घेतो, हे योग्यच आहे. पण चोर येईलच असे नाही. पाणी मात्र येतेच, आणि वीजही येतेच. आज या सदरात आम्ही बोलणार आहोत ते या दोघांविषयी. बोलण्याचा अधिकार आम्हांला कसा मिळाला ते आधी सांगतो, कारण तो फार महाग पडलेला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ३१ डिसेंबरचा दिवस. आम्ही कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो होतो. संध्याकाळी कार्यकर्त्यांच्या गाडीतून भीमा कोरेगावला निघायचे, तिथला कार्यक्रम आटोपून सासुरवाडीला दोन दिवस राहायचे आणि मग परतायचे असा बेत होता. त्या दिवशी सकाळपासून नळाला पाणी नव्हते. कुठेतरी जलवाहिनीचे काम निघाले होते म्हणे. आमच्या सौ.नी मोरीतला नळ फिरवून पाहिला, पाणी नाही. थोड्या वेळाने चिरंजीवांनी फिरवून पाहिला, पाणी नाही. निघता निघता आम्हीही फिरवून पाहिला. जुना पितळी फिरकीचा नळ तो. पहिल्याने एक फेरा उघडला, दुसऱ्याने आणखी एक, तिसऱ्याने पुरता मोकळा केला आणि तिघेही ‘पाणी नाही’ म्हणत वळलो. शिवाय आमची हुशारी पाहा. घर बंद असताना झुरळे वर येऊ नयेत म्हणून मोरीच्या जाळीवर आम्ही स्वतःच्या हाताने ओले फडके दाबून ठेवले. मग कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि निघालो.

रात्री अकराच्या सुमारास पाणी आले. इमारतीचा पंप लागला, गच्चीवरची टाकी भरली आणि आमच्या मोरीतला नळ सुरू झाला. जाळीवर फडके होते. मोरी भरली, उंबरठा ओलांडून पाणी घरात आले, लादीच्या फटींतून आणि पाईपच्या भोकातून खाली उतरू लागले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बरोबर आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर आमच्या अक्का राहतात.

अक्कांचे यजमान हयात नाहीत. दोन मुली, एक तेव्हा दहावीला. अक्का उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमधल्या एका कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणतात. धागे कापायचे, बटणे लावायची, घड्या घालून परत द्यायचे. नगावर मजुरी. आमच्या भागातल्या किती घरांच्या चुली या कामावर पेटतात ते वाचकांना ठाऊकच आहे. त्या रात्री तयार झालेले गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते, सकाळी पोचवायचे होते. पहाटे चारला मुलीच्या अंगावर थेंब पडला तेव्हा त्यांना जाग आली. तोवर वरचे गठ्ठे चिंब झाले होते. गडद निळ्या कापडाचा रंग उतरून फिक्या कापडावर गेला होता.

लोक धावत वर आले. दाराला कुलूप! आमचे कुलूप चांगले, मजबूत. आमचा फोन लागेना. भीमा कोरेगावला त्या दिवशी किती गर्दी असते ते सांगायला नको. शेवटी कोणीतरी गच्चीवर जाऊन टाकीचा मुख्य व्हॉल्व्हच बंद केला, कारण कुठला पाईप कोणाच्या घरी जातो हे कोणालाच माहीत नव्हते. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या सगळ्या विंगला पाणी नाही! अकरा वाजता एकदाचा फोन लागला, आम्ही ‘कुलूप तोडा’ म्हणालो आणि मग नळ बंद झाला.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जन्म आकडेमोडीत गेला. परत आल्यावर त्याच नळाखाली एक लिटरचा तांब्या धरला. दहा सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, तासाला ३६० लिटर. रात्री अकरा ते पहाटे चार, पाच तासांचे १,८०० लिटर. दोनशे लिटरचे नऊ पिंप! ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना पिण्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातला एक कार्यकर्ता भाषणे ठोकत फिरतो आणि त्याच्या घरात नऊ पिंप पाणी मोरीवरून वाहून जाते. आम्हांला त्या रात्री झोप आली नाही.

अक्कांचे नुकसान भरून द्यायला गेलो. कारखानदाराने डागाळलेल्या नगांचे पैसे त्यांच्या मजुरीतून कापले होते. अक्का पैसे घेईनात. आम्ही आग्रह केला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पैशाचं नाही हो भाऊ. माझा शब्द गेला तिथं. आता गठ्ठे दुसरीला द्यायला लागलेत.” पैसे त्यांनी दोन हप्त्यांत घेतले, तेही सौ.नी मुलीच्या परीक्षेचे निमित्त काढले म्हणून. पण गठ्ठे बंद झाले ते जवळजवळ अडीच महिने. ते आम्ही कसे भरून देणार होतो?

वाचकहो, या प्रकरणावर आम्ही पुष्कळ विचार केला. चूक निष्काळजीपणाची होती हे खरेच. पण ती आमच्यासारख्या तीन शहाण्या माणसांकडून एकाच दिवशी कशी घडली? उत्तर साधे आहे. नळातून पाणी येत नव्हते म्हणून आम्ही तो नळ बंद आहे असे समजलो. नळ बंद नव्हता, पाणी गेलेले होते. बंद असणे आणि गेलेले असणे यांत फरक आहे. बंद केलेली वस्तू आपण उघडल्याशिवाय उघडत नाही. गेलेली वस्तू मात्र आपल्याला न विचारता परत येते.

आता हीच गोष्ट विजेला लावून पाहा. थंडीच्या दिवसांत पहाटे निघायचे असते. अंघोळीसाठी बादलीत हीटरची कांडी टाकलेली असते. तेवढ्यात वीज जाते. काळोखात कसेबसे थंड पाण्याने उरकून मंडळी गाडी पकडायला धावतात. कांडी बादलीत, बटण चालू. दोन तासांनी वीज येते. दीड हजार वॅटची कांडी बादलीभर पाणी तापवते, उकळवते, आटवते. पाणी कांडीच्या खुणेखाली गेले की उघडी पडलेली कांडी लालबुंद होते आणि प्लास्टिकची बादली वितळू लागते. शेजारी वाळत घातलेला टॉवेल असला की पुढचे सांगायला नको. इस्त्रीचेही तेच, शेगडीचेही तेच. वीज नसताना बटण चालू आहे की बंद, हे डोळ्यांना दिसत नाही. हाताने पाहावे लागते.

तुम्ही म्हणाल, ही आपल्या गरिबाघरची रडगाणी झाली. मोठ्या देशांत असे होत नसेल. होते, आणि आपल्यापेक्षा मोठे होते. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यांचा मुलगा कॅनडात नोकरीला आहे. तो डिसेंबरात महिनाभर सुट्टीवर आला होता, तेव्हा घर कसे बंद करून आला ते त्याने आम्हांला सांगितले. तिकडे पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो. पाणी गोठते तेव्हा ते आक्रसत नाही, उलट फुगते. शंभर लिटर पाण्याचा बर्फ साधारण १०९ लिटरची जागा मागतो. बंद नळीत ती जागा कुठून मिळणार? मग तांब्याची नळीसुद्धा फुटते. म्हणून बाहेरगावी जाताना ते लोक घरात येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतात, सगळे नळ उघडून नळ्यांतले पाणी काढून टाकतात, आणि घर गरम ठेवणारे यंत्र पुरते बंद न करता साधारण १३ अंशांवर चालू ठेवतात. शिवाय शेजाऱ्याकडे किल्ली देऊन मधून मधून घर पाहून जायला सांगतात. तिकडच्या अनेक विमा करारांत अशी अटच असते.

यातली खरी मेख त्याने सांगितली तेव्हा आम्ही चमकलो. नळी फुटते ती गोठताना. पण तेव्हा काही कळत नाही, कारण बर्फच त्या फटीचे बूच होऊन बसलेला असतो. घर बुडते ते नंतर, ऊन पडून बर्फ वितळल्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात असेच झाले. एरवी उष्ण असलेल्या त्या राज्यात कडाक्याची थंडी पडली, लाखो घरांची वीज गेली, घरे गरम ठेवणारी यंत्रे थांबली आणि नळ्या गोठल्या. पुढे बर्फ वितळला, पाणी परत आले आणि कित्येकांची छते खाली आली. पाहिलेत? शहाडच्या तिसऱ्या मजल्यावर जे घडले तेच तिकडे घडले. गेलेले पाणी परत आले.

आपल्याकडे हिवाळ्यात नळ गोठत नाहीत. बदलापूर-अंबरनाथकडे एखादी रात्र दहा-अकरा अंशांपर्यंत जाते, एवढेच. म्हणून तिकडचे सगळे उपाय आपल्या कामाचे नाहीत. पण पहिला उपाय, म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे, आणि शेवटचा उपाय, म्हणजे शेजाऱ्याला किल्ली देणे, हे दोन्ही जसेच्या तसे आपल्याला लागू आहेत. दोन्हींना एक पैसाही पडत नाही.

तर आता कामाचे बोलू.

पहिले पाणी. आपल्या घरात पाणी कुठून शिरते ते आज संध्याकाळीच शोधून काढा. इमारतीत राहणाऱ्यांच्या घराचा एक व्हॉल्व्ह बहुधा मोरीत, संडासात किंवा गच्चीवर टाकीपाशी असतो. गच्चीवर असेल तर त्यावर खोली नंबर रंगाने लिहा. आमच्या विंगला आता सगळ्या व्हॉल्व्हवर नंबर आहेत; त्यासाठी एक रविवार आणि रंगाचा लहान डबा पुरला. फिरकीचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे हलवला नाही तर गंजून बसतो आणि ऐन वेळी फिरत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तो पुरता बंद करून पुन्हा उघडावा. नवीन बसवायचा असेल तर दांडीचा बसवा. दांडी पाईपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. लांबूनही दिसते. आमचा पितळी नळ दांडीचा असता तर ही कहाणी लिहावी लागली नसती.

मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्यावर घरातला एक नळ उघडून पाहावा. थोडे पाणी येऊन थांबले म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंद झाला. मग तो नळही बंद करावा. संडासाच्या टाकीला आणि गिझरला ज्या लवचीक जोडनळ्या असतात त्यांचे आतले रबर कालांतराने कुजते आणि त्या अवचित फुटतात. मुख्य व्हॉल्व्ह बंद असेल तर फुटल्या तरी घर बुडत नाही. बैठ्या चाळीत ज्यांच्या घरात थेट नळ आहे आणि व्हॉल्व्ह नाही, त्यांनी नळ हाताने घट्ट आहे की नाही ते पाहावे, आणि पाणी भरायची रबरी नळी काढून ठेवावी. मोरीची जाळी मात्र मोकळी ठेवा. झुरळे आली तरी चालतील!

दुसरे साठवलेले पाणी. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेले पाणी शहाड-टेमघर योजनेतून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. पण नदीकाठच्या आपल्या घरांतही पिंपे भरलेलीच ठेवावी लागतात. घर बंद करताना मात्र ही पिंपे रिकामी करा. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे तर स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तुम्ही गावाहून परत येईपर्यंत घरात एक पिढी तयार! शिवाय त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून पिंप रिकामे करून भागत नाही, आतून घासून पालथे घालावे. ते पाणी ओतून देऊ नका. शेजारी द्या, विहाराच्या झाडांना घाला. टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर झाकण घट्ट बसवून वर कापड बांधावे.

तिसरे गिझर आणि कांडी. निघताना गिझरचे बटण बंद, आणि डब्यातला त्याचा खटकाही खाली. गिझर चालू राहिला तर तो बंद घरात दिवसभर थंड होत राहतो आणि पुन्हा पुन्हा तापत राहतो. वापरणारा कोणी नाही, युनिटे मात्र पडत राहतात. दोन हजार वॅटचा गिझर एक तास चालला की दोन युनिट, हा हिशोब मनात ठेवा. परत आल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडा, पाण्याची सलग धार लागू द्या, साचलेले पाणी जाऊ द्या आणि मगच बटण दाबा. टाकीत पाणी नसताना चालू केला तर आतली कॉईल जळते. फ्रीज चालू ठेवायचा म्हणून पुष्कळजण मेन स्विच बंद करत नाहीत. हरकत नाही, बाकीचे खटके एकेक करून बंद करा. घरात अजून शॉक लागताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवले नसेल, तर एवढा खर्च जरूर करा. तीस मिलिअँपिअरचे असते ते. कांडीच्या बादलीत हात घालणाऱ्या घरात ते नाही म्हणजे दैवावर हवाला ठेवणे झाले, आणि दैव आपण कधीच सोडले आहे.

चौथे गॅस. आठवडाभर बाहेर जायचे असेल तर नुसते बटण फिरवून थांबू नका. रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरला दोरीने बांधलेली टोपी लावा. नारंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. तिच्यावर तारीख छापलेली असते, ती वाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून परत आल्यावर दार उघडताच वास आला तर दिवा लावू नका, पंखा लावू नका, चालू असलेले बटण बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा.

ज्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तो न्हाणीघरात बसवू नका. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. गावाहून थकून आलेला माणूस थंडीमुळे खिडकी लावून घेतो, दार लावतो आणि गरम पाण्याखाली बराच वेळ उभा राहतो. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि कडी काढायचे त्राण उरण्याआधीच शुद्ध जाते. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठल्या ना कुठल्या गावातून अशी बातमी येते. आपली जी मुले लष्करात आहेत आणि लेह-लडाखकडे राहून आली आहेत, त्यांना विचारा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये, हे तिकडे पहिल्या दिवशी शिकवतात.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, किल्ली. आपण किल्ली कोणाकडे ठेवत नाही. का? घरात सोनेनाणे आहे म्हणून? बहुतेकांच्या घरात ते नसतेच. आपल्याला संकोच वाटतो, आणि थोडा अविश्वासही असतो. पण विचार करा. त्या रात्री आमची किल्ली अक्कांकडे असती तर पाच मिनिटांत नळ बंद झाला असता. अर्धे गठ्ठे तरी वाचले असते. आमच्या मजबूत कुलपाने आमचे घर राखले नाही. आमच्या शेजारणीला आत येऊन स्वतःचे घर वाचवण्यापासून मात्र रोखले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची मोरी हे खालच्याचे छत असते. तेव्हा आपले घर ही केवळ आपली खाजगी बाब आहे असे वरच्या मजल्यावरच्याने तरी म्हणू नये.

भाड्याने राहणारे बांधव म्हणतील की नळ-पाईप हे घरमालकाने पाहायचे. दुरुस्ती त्याने करावी, हे बरोबर. पण बंद करणे आपल्याच हातात असते. आणखी एक. ही कामे घरातल्या बाईनेच लक्षात ठेवायची, अशी आपल्याकडे चाल आहे. ती आदल्या रात्री भाकरी करते, मुलांचे कपडे भरते, म्हाताऱ्यांची औषधे घेते आणि पुन्हा नळ-गॅसही तिनेच पाहायचा? कुलूप ओढून पाहणाऱ्या पुरुषाने आधी आत एक फेरी मारावी. त्या फेरीला तीन मिनिटे लागतात. आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. वाचकांनी तो उतरवून घ्यावा.

१. मुख्य व्हॉल्व्ह बंद. एक नळ उघडून खात्री. मग तोही बंद.
२. मोरीची जाळी मोकळी.
३. पिंपे रिकामी, घासून पालथी.
४. कांडी आणि इस्त्री बादली-टेबलावरून उचलून ठेवलेली. (नुसते बटण बंद पुरेसे नाही.)
५. गिझरचा खटका खाली.
६. रेग्युलेटर काढला, टोपी लावली.
७. कचरा आणि उरलेले अन्न बाहेर.
८. किल्ली अक्कांकडे. आपला आणि ज्यांच्याकडे जातो त्यांचा फोन नंबर अक्कांच्या भिंतीवर.
९. कुलूप.

कुलूप नवव्या नंबरावर आहे, हे ध्यानात घ्यावे.

अक्कांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मुलगी दहावी पास झाली. मार्चच्या मध्यावर गठ्ठे पुन्हा सुरू झाले. त्याच कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या एका उपासिकेने मालकाला समजावले की कसूर बाईची नव्हती, वरच्या माणसाची होती. तो वरचा माणूस म्हणजे आम्ही! आम्हीही जाऊन तेच सांगितले. तिथे उभे राहून मान खाली घालताना आम्हांला जे वाटले ते कुठल्याच सभेत वाटले नव्हते. अक्का आता गठ्ठे भिंतीला न लावता फळीवर ठेवतात आणि वर प्लास्टिक टाकतात. आमच्यावरचा विश्वास अजून पुरता बसलेला नाही, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

गेल्या ५ डिसेंबरला आम्ही पुस्तकांच्या स्टॉलसाठी दादरला निघालो. जिन्यात अक्का भेटल्या. आम्ही किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली, खिळ्याला अडकवली आणि विचारले, “भाऊ, नळ?”

आम्ही म्हणालो, “बंद केला, अक्का.”

“आणि फडकं?”

आम्ही मुकाट्याने पुन्हा वर गेलो, जाळी पाहून आलो, आणि मगच स्टेशनची वाट धरली. जय भीम!